भुईचांदणीचा चौकोन

यशीला एखादा प्रश्न पडला की तिचं ताटाकडे लक्ष लागत नसे, आणि प्रश्न तर तिला उठता-बसता पडायचे. म्हणूनच पोरगी तुरीच्या काडीसारखी राहिली, असं तिची आई लिलाबाई हापशीवर भेटेल त्या बाईला सांगायची. पण धरणगावच्या शाळेत नववीत गेल्यापासून यशी नुसते प्रश्न विचारून थांबेना. उत्तर शोधायला स्वतःच निघायला लागली, आणि लिलाबाईला हे जास्त जड गेलं. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला त्या दिवसापासून तिला यशी म्हटलेलं चालेना. यशोधरा गुलाब तायडे, असं पुरतं नाव घ्या. घरात कोणी घेत नसे ही गोष्ट निराळी.

त्या वर्षीचा, म्हणजे नव्वद सालचा प्रश्न एका फुलाचा होता.

आसनखेड्याच्या वरच्या अंगाला, नाला ओलांडला की गावाचं गायरान लागतं. बरड माळ, मुरूम, मधूनच एखादं हिवराचं झाड, बाकी सगळं गवत. त्या गवतात श्रावणात जमिनीतल्या कांद्यातून एक फूल वर यायचं. वीतभर दांडा, सहा पाकळ्या, आणि पांढरं असं की धुतलेल्या धोतरानं लाजावं. गावात त्याला भुईचांदणी म्हणत. पुस्तकात त्याचं काय नाव आहे ते यशीनं धुंडाळून पाहिलं, पण पुस्तकवाल्यांना आसनखेडं माहीतच नव्हतं. लिलाबाई लग्न होऊन आली तेव्हा सगळा उतार पांढरा व्हायचा. यशीच्या वेळेपर्यंत मात्र ती आणि तिची मैत्रीण बेबी, दोघी मिळून दुपारभर हिंडल्या तरी दोन वेण्यांपुरती फुलं मिळाली तर मिळाली.

आणि आदल्या माघात काय झालं, तर गवत कापणाऱ्या एका गड्यानं बिडी टाकली आणि गायरानाचा एक कोपरा जळाला. गावानं त्याला शिव्या दिल्या, विषय संपला. पण श्रावण आला तेव्हा भुईचांदणी उगवली ती नेमकी त्या जळक्या कोपऱ्यात, आणि अशी दाटीवाटीनं की पाय ठेवायला जागा नाही. बाकीच्या माळावर शेंडासुद्धा नाही.

"जळलं तिथंच कसं फुललं?" यशीनं वर्गात विज्ञानाच्या प्रमिलाबाईंना विचारलं. "तुम्ही तर शिकवलं, आगीनं वनस्पती मरतात."

प्रमिलाबाईंनी हातातला खडू टेबलावर ठेवला. "मी पुस्तकातलं शिकवलं," त्या म्हणाल्या. "हे मला माहीत नाही. शोधायचं का?"

आता एखादी बाई वर्गासमोर 'मला माहीत नाही' म्हणते, तिच्यासाठी यशी विहिरीत उडी मारायलाही तयार झाली असती. इथं तर नुसता प्रयोग करायचा होता.

प्रयोग दोघींनी मिळून ठरवला. गायरानात शेजारी शेजारी तीन चौकोन आखायचे. पहिल्यातलं वाळलं गवत माघात, दंव असताना, जाळायचं. दुसऱ्यातलं कापून उचलून न्यायचं. तिसऱ्याला हात लावायचा नाही. मग श्रावणात बघायचं, भुईचांदणी कुठं किती येते. पुढं एरंडोलला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं, तिथं मांडायचं.

परवानगी हवी होती म्हणून यशी सरपंचांकडे गेली. अभिमन आबा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. शेजारी बेबीचा बाप मगन होता. गायरानातल्या गवताचा लिलाव दरसाल मगनच घ्यायचा.

"कर ना पोर," आबा म्हणाले. "गावनं नाव व्हई."

"तेवढा गवतमां मनं काय जास," मगन हसला. "पन मना ढोरेसले शाळामां नको बठाडू."

सगळे हसले, यशीही हसली. कागद-बिगद कोणी केला नाही. पोरीच्या शाळेच्या कामाला कागद कोण करतं?

चौकोनांच्या कोपऱ्यांवर दगड मांडले. गवत वाढल्यावर ते दिसावेत म्हणून त्यांना चुना लावायचं यशीच्या डोक्यात आलं. बौद्धवाड्यातल्या विहाराला रंग दिला होता, त्यातला चुना डब्याच्या तळाशी उरला होता. यशी आणि बेबीनं तो कालवला आणि एकेका दगडाला दोन-दोन हात दिले. बेबीनं यशीच्या नाकाला चुना लावला, यशीनं तिच्या वेणीला.

"लगीनमां नवरीले हायद लावतस, तशी," बेबी म्हणाली.

"दगडेसनं लगीन शे का?"

"मंग काय. तुन्हं ते व्हनार नही, इतकं बोलस ते."

माघातल्या एका पहाटे पहिला चौकोन जाळला. यशीचे वडील गुलाब, ज्यांना ती दादा म्हणायची, धरणगावच्या जिनिंगमध्ये कामाला होते. त्या दिवशी ते पाळी बदलून आले. लिलाबाई ओलं पोतं घेऊन उभी, प्रमिलाबाई स्वेटर घालून उभ्या. चौकोनाभोवतीचं गवत आधीच खरवडून पट्टा मोकळा केला होता. दंवामुळे आग अशी चालली जशी मांजर दुधाकडे जाते, बुटकी, दबकत. वर वर सगळं खाल्लं आणि ऊन चढायच्या आत विझलीसुद्धा. प्रमिलाबाईंनी राख बाजूला करून मातीत बोटं खुपसली आणि यशीलाही खुपसायला लावली. बोटभर खाली माती गार होती.

"कांदा याच्याही खाली झोपलाय," बाई म्हणाल्या. "त्याला कळलंसुद्धा नाही वर काय झालं ते. आता त्याच्या डोक्यावरचं जुनं गवत गेलं. उजेड मिळेल."

यशी दिवसभर त्या बोटांचा वास घेत होती. लिलाबाईनं भाकरीआधी हात धुवायला लावले तेव्हा तिला रागच आला.

इथपर्यंत सगळं झकास चाललं होतं. बिघडलं ते चैत्रात.

त्या चैत्रात एक आवई उठली की गायरानावरची जुनी अतिक्रमणं सरकार कायम करणार. आजूबाजूच्या काही गावांत बौद्धवाड्यातल्या भूमिहीन लोकांनी वर्षानुवर्षं गायरानाचे तुकडे कसले होते, त्यासाठी मारही खाल्ला होता. ती जमीन आता त्यांच्या नावावर होणार म्हणे. आसनखेड्यात असं कोणी काही कसलेलं नव्हतं. पण वरच्या आळीत आवई पोचली तशी माणसं गायरानाकडे नव्या डोळ्यांनी बघायला लागली, आणि त्यांना दिसलं काय, तर चुना लावलेले दगड. आता गावात चुन्याच्या दगडाचा अर्थ एकच. मोजणीवाला येऊन गेला, हद्द पडली. गेल्या सात पिढ्यांत चुन्याचा दगड दुसऱ्या कशासाठी कोणी लावलेला नव्हता. त्यात हे दगड गुलाब तायडेच्या पोरीनं लावलेले.

यशीला हे कळलं ते पिठाच्या गिरणीत. ती डबा घेऊन रांगेत उभी होती. पुढची एक म्हातारी वळून म्हणाली, "काय वं पोर, औंदा काय पेरी राहिन्यात तुम्ही?"

"आम्ही काय पेरसूत अक्का? आम्हनं वावर कोठे शे?"

"आते शे ना. चुना लाईसन."

बाकीच्या बायका पदरात हसल्या. यशीला वाटलं, थट्टा आहे. तीही हसली आणि म्हणाली, "हां अक्का, चांदण्या पेऱ्यात." म्हातारी हसायची थांबली. यशी घरी येईपर्यंत ते वाक्य तिच्या आधीच आळीत पोचलं होतं. गुलाबची पोर स्वतःच्या तोंडानं सांगते, पेरलंय म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून बेबी एसटी स्टँडवर वेगळी उभी राहायला लागली. यशीनं कारण विचारलं तर म्हणाली, "माय म्हनस, तुन्हासंगे नको जाऊ." आणि एसटीत खिडकीबाहेर बघत राहिली. एरवी तिला खिडकीत बसलं की मळमळायचं.

यशी तडक ग्रामपंचायतीच्या ओट्यावर गेली.

"आबा, तुम्हीच हो म्हणाला होता. आता सगळ्यांना सांगा की हा शाळेचा प्रयोग आहे."

आबांनी सुपारीचं खांड निवडून तोंडात टाकलं. "मी कोठे नही म्हनस? पन लोकेसले कोन समजाडी? तू दगड काढी टाक ना. दगडच नही, मंग भानगडच नही."

"दगड काढले तर चौकोन कुठला ते कळणार नाही. श्रावणापर्यंत राहू द्या. फुलं मोजली की मी स्वतः काढते."

"श्रावण लांब शे पोर," आबा म्हणाले.

रात्रीची भाकर खाताना दादाही तेच म्हणाले. "काढी टाकूत माय. जिनिंगमांबी लोके इचारी राहिनात माले. गुलाब, किती बिघे लिधं, म्हनतस."

"आपण चोरी केली का दादा?"

"नही."

"मग उचलायचे कशाला? उचलले तर म्हणतील, चोर होता म्हणून उचलले."

दादांनी तिच्याकडे पाहिलं. बोलण्यात खोट काढायला जागाच नव्हती. लिलाबाई म्हणाली, "बोलना पहिला नंबर काढेल शे तिनी, तुम्ही काय जितशात." दादा हसले आणि विषय तिथंच राहिला. दगडही राहिले.

वैशाखाच्या शेवटी वळवाची एक सर येऊन गेली. तेवढ्या ओलाव्यानं फसून भुईचांदणीचे कोंब वर आले, तिन्ही चौकोनांत आले, पोपटाच्या चोचीएवढे. यशी रोज सकाळी जाऊन त्यांच्याशी बोलून यायची. मग परत ऊन पडलं, असं की कापसाच्या वाळल्या पळाट्या आपोआप कडकडाव्यात. गायरानातलं उरलंसुरलं जुनं गवत पापडासारखं वाळलं. कोंब तसेच हिरवे राहिले, पावसाची वाट बघत.

आणि एका भर दुपारी नाल्यापलीकडे धूर दिसला.

यशी अनवाणी धावली. आसनखेड्यात वणवा दिसला की आळी-बिळी न बघता सगळे निंबाच्या डहाळ्या घेऊन धावायचे. हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. त्या दिवशी नाल्याच्या अलीकडे चिंचेखाली माणसं उभी होती, पण हातात डहाळी कोणाच्याच नव्हती. मगन कमरेवर हात ठेवून उभा होता.

"काका, चला ना," यशी ओरडली.

"कोनं वावर जळी राहिनं ते पाहू दे," मगन म्हणाला, आणि दोघंतिघं हसले.

आग तिसऱ्या चौकोनाच्या कडेला लागली होती, बरोब्बर दगडापाशी. हात न लावलेलं सबंध हंगामाचं गवत होतं ते, माणसाच्या डोक्याएवढ्या ज्वाळा उठल्या. माघातली आग मांजरीसारखी चालली होती, ही पिसाळलेल्या कुत्र्यासारखी धावली. दुसऱ्या चौकोनातलं कापलेलं खुंटही तिनं मातीपर्यंत खाल्लं. पहिल्यात मात्र खायला काही नव्हतं, नुसतीच माती आणि कोंब. तिथं ती कडेनं फिरली आणि पुढं गेली. पुढं म्हणजे कुठं? वारा होता. ज्यांनी लावली त्यांना बहुतेक तीन चौकोनच जाळायचे होते. आगीला कुठं मोजणी कळते? अर्धं गायरान गेलं. मगनच्या गवताची गंजी पेटली तेव्हा चिंचेखालची माणसं एकदम धावली. डहाळ्याही सापडल्या.

संध्याकाळी ओट्यावर सगळं गाव जमलं. यशी मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "आग कोणी लावली ते शोधा." आता वक्तृत्वात पहिला नंबर असला तरी ओट्यावर पोरीनं बोलायची ती पहिलीच वेळ.

मगननं तिच्याकडे न बघता आबांना विचारलं, "आबा, माघमां आग कोनी लाई व्हती गायरानमां?"

आबा सुपारी कातरत राहिले. मगननंच उत्तर दिलं.

"गुलाबना पोरनी. बठ्ठा गावले ठावकं शे. एक डाव हात शेकी लिधा, आते चटक लागनी."

झालं. आपल्या दावणीच्या गुरांना पावसापर्यंत चारा नाही, हे ज्याला-ज्याला कळत होतं तो गुलाब तायडेकडे बघायला लागला. दादा शेवटी उठले, आबांना हात जोडले, आणि यशीला दंडाला धरून घरी घेऊन गेले. त्यांनी हात का जोडले याचा यशीला सगळ्यात जास्त राग आला. घरी येऊन ती न जेवता भिंतीकडे तोंड करून निजली.

शाळा उघडली तेव्हा तिनं प्रमिलाबाईंना सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "वाईट झालं. पण प्रयोग मोडला नाही यशोधरा. आता आपल्याकडे दोन आगी आहेत, माघातली आणि वैशाखातली. श्रावणात बघू." आणि यशीनं पुन्हा दात-ओठ खाऊन श्रावणाची वाट धरली. एवढं गेलं तर गेलं, पण पहिला चौकोन श्रावणापर्यंत टिकला पाहिजे, एवढंच आता तिला हवं होतं.

तो टिकला. श्रावणातल्या पहिल्या उघडिपीला ती नाल्यापलीकडे गेली आणि जागच्या जागी बसली. पहिला चौकोन दगडापासून दगडापर्यंत पांढरा झाला होता. शेजारच्या दोन्ही चौकोनांत आणि पुढच्या सगळ्या जळक्या माळावर नवं गवत हिरवंगार उगवलं होतं, पण भुईचांदणी नव्हती. कोंब बाहेर आलेले असताना आग गेली होती त्यांच्यावरून, आणि ती वरून-वरून नव्हती गेली. यशीनं उकरून पाहिलं, कांदे भाजलेल्या लसणासारखे मऊ पडले होते.

प्रमिलाबाई शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर एसटीनं आल्या. साडीचा ओचा खोचून चिखलात बसल्या. दोघींनी फुलं मोजायला घेतली आणि हसण्याच्या नादात आकडा दोनदा विसरल्या. "आग वाईट नाही, वेळ वाईट," बाई म्हणाल्या. "इतकं स्वच्छ उत्तर मी कॉलेजातसुद्धा पाहिलं नव्हतं. हा रविवार कानबाईचा, त्याच्या पुढच्या रविवारी फोटोग्राफर घेऊन येते. तोपर्यंत सांभाळ."

पण मधे कानबाईचा सण होता. देवी रविवारी बसली, सोमवारी उठली, आणि तिला वाजतगाजत नाल्यावर शिरवायला सगळं गाव निघालं. नाल्यावरून गायरान समोरच दिसतं. वाजंत्री वाजत होती, बाया डोक्यावर कानबाई घेऊन नाचत होत्या, आणि हळूहळू सगळ्यांच्या माना एका बाजूला वळल्या. हिरव्या माळावर मधोमध पांढरा चौकोन, दोरी लावून आखावा तसा.

"पेरेल शे," कोणीतरी म्हणालं.

"नही रे, आपोआप उगनं व्हई."

"इतकं चौकोनी देवबी उगाडत नही भाऊ."

नाल्यावरून परत येईपर्यंत ते फूल औषधी ठरलं, इंदूरला त्याला गिऱ्हाईक असल्याचं ठरलं, आणि वैशाखातली आगही गुलाबनंच लावली, आपलं पीक तेवढं सोडून बाकीचं जाळलं, हेही ठरलं. नीट विचार केला तर त्यात चूक काढणं अवघड होतं. सगळ्यांचं जळलं आणि याचंच कसं वाचलं? या प्रश्नाचं उत्तर दोनच जणींना माहीत होतं. त्यातली एक सोळा वर्षांची होती, दुसरी धरणगावला राहत होती.

बुधवारी तलाठी आले. बरोबर आबा, मगन, पंच म्हणून वरच्या आळीतले दोघं, आणि बघायला अर्धं गाव. दादा कामावर होते. लिलाबाई म्हणाली, "जाऊ नको." यशी गेली. तिला वाटलं, हा शिकलेला माणूस आहे, याला नीट समजावून सांगितलं की संपलं. तिनं पदर नसलेला फ्रॉक झटकला आणि प्रदर्शनात सांगणार होती तसं, पहिल्यापासून, न अडखळता सांगितलं. तीन चौकोन, माघ, वैशाख, कांदा, कोंब. तलाठी ऐकत होते. मध्ये मानही हलवत होते. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"हे दगड कोणी लावले?"

"मी. शाळेच्या—"

"चुना?"

"मी आणि बेबीनं. बेबीला विचारा. हीच."

बेबी बापाच्या मागे उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "माले काय ठावकं नही," ती म्हणाली.

यशी तिच्याकडे बघत राहिली. तलाठ्यांना पुढचं विचारायची घाई होती.

"इथलं गवत तुम्ही जाळलं?"

"हो, माघात. त्यामुळेच तर फुलं आली."

"म्हणजे जमीन साफ केली." त्यांनी लिहिलं. "कोण कोण होतं?"

"माझे वडील, आई, आमच्या बाई."

"वडील होते." लिहिलं. "भोवतीचं गवत खरवडून पट्टा काढला?"

"आग बाहेर जाऊ नये म्हणून."

"बांध घातला." लिहिलं.

"बांध नाही हो काका, पट्टा."

"तेच ते. परवानगी?"

यशीनं आबांकडे बोट केलं. "यांनी दिली. ओट्यावर. मगनकाकाही होते."

तलाठ्यांनी आबांकडे पाहिलं. आबा आभाळाकडे बघत होते. "पोर येईसन काहीतरी बोलनी व्हती खरी," ते म्हणाले. "शाळानं काहीतरी. मी म्हन्तं, पोर शे, कर. जमीन घ्या असं कोन म्हनी?"

"लेखी आहे का काही?"

नव्हतं. यशीनं आणखी पुष्कळ सांगितलं, आवाज चढवून सांगितलं, पण आता तिलाच कळायला लागलं होतं की ती जेवढं खरं बोलेल तेवढं कागदावर दादांच्या विरुद्ध उतरतंय. एक वेळ खोटं बोलली असती, दगड कोणी टाकले मला काय माहीत म्हणाली असती, तर वाचली असती. बेबी तेच बोलली, आणि तिला कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही.

पंचांनी सह्या केल्या. अतिक्रमण काढून टाका, असं तलाठी सांगून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मगननं आपली बैलजोडी जुंपली. नांगर आत गेला तसे कांदे वर येऊन पडले, पांढरे, ओले, कापलेले. नांगराचा तास संपला की बैल वळायचे आणि फुलं त्यांच्या खुरांना चिकटायची. यशी नाल्याच्या काठावर उभी होती. लिलाबाईनं तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.

रविवारी प्रमिलाबाई फोटोग्राफर घेऊन आल्या. तो धरणगावचा, लग्नांचे फोटो काढणारा माणूस होता. त्यानं कॅमेऱ्याचं झाकण काढलं, नांगरटीकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, कशाचा काढू?"

बाईंनी त्याला झाकण परत लावायला सांगितलं. परतीच्या एसटीची वाट बघताना त्या म्हणाल्या की मुख्याध्यापकांना गावाकडून निरोप आलाय, शाळेनं गायरानाच्या भानगडीत पडू नये. यशोधरेनं या वर्षी प्रदर्शनात दुसरं काहीतरी करावं, सौर चूल वगैरे.

"तुम्ही काय म्हणालात सरांना?"

"मी म्हणाले, बघू," बाई म्हणाल्या, आणि एसटी आली.

भाद्रपदात मगननं त्या नांगरलेल्या तुकड्यावर कुळीद फेकला. रान उकरलेलंच आहे, मोकळं कशाला ठेवायचं, असं तो चिंचेखाली म्हणाला म्हणे. पुढं नांगर आणखी थोडा पलीकडे गेला, दुसऱ्या चौकोनावर, मग तिसऱ्यावर. चुन्याचे दगड त्यानं फेकले नाहीत. ढकलत ढकलत पुढं नेले आणि कुळिदाच्या कडेला नीट मांडले. तलाठी त्या रस्त्यानं दोनदा गेले. पंचनामा झाला नाही.

आश्विनात एकदा दादांच्या सायकलवर मागे बसून यशी धरणगावहून येत होती. नाल्यापाशी दादांनी सायकल थांबवली. कुळिदाला शेंगा धरल्या होत्या. दादांनी एक पाय जमिनीवर टेकवला.

"नाव ते गयंच आपलं," ते म्हणाले. "जमीन तरी हातमां उनी रहती."

"दादा, मला जमीन नको होती."

"माले तरी कोठे पाहिजे व्हती," दादा म्हणाले, आणि त्यांनी पायडल मारलं.